कल्चर 'नो ग्रोथ' आणि पाय गार: झडपेवरची बुरशी कशी पकडायची

प्रश्न थोडक्यात असा: ४२ वर्षांच्या बाई. रुमॅटिक आजारामुळे सात महिन्यांपूर्वी मायट्रल झडप काढून धातूची बसवली. ऑपरेशननंतर तीन आठवडे आयसीयू, सेंट्रल लाईन, एकामागून एक बदललेली अँटिबायोटिक्स. आता पाच आठवडे बारीक ताप, ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघण्याची चाचणी) तीनदा 'नो ग्रोथ', आणि छातीवरून केलेल्या इकोत धातूच्या सावलीमुळे काही धड दिसत नाही. काल उजवा पाय एकाएकी गार पडला, फेमोरल धमनीतून गुठळी काढली. झडपेवर बुरशी असेल का, आणि असेल तर सिद्ध कशी करायची?

आहे असं धरूनच चाला. आणि पुढचं वाचण्याआधी ओटीला फोन करून काल काढलेली गुठळी कुठे आहे ते विचारा. आत्ता तुमच्या हाताशी असलेला सगळ्यात मोलाचा नमुना तोच आहे. अशा गुठळ्या बहुतेक वेळा अख्ख्या फॉर्मॅलिनमध्ये जातात, नाहीतर 'क्लॉटच तर आहे' म्हणून थेट बादलीत.

मोल एवढं का, तर बुरशीची व्हेजिटेशन्स (झडपेवर साचलेले जंतू आणि गोठलेल्या रक्ताचे गोळे) मोठी आणि ठिसूळ असतात. बॅक्टेरियाच्या छोट्या तुकड्यांसारखी ती बोटांच्या टोकांत जाऊन अडकत नाहीत, मांडीच्या, दंडाच्या किंवा थेट महाधमनीच्या फाट्यावरच्या मोठ्या धमनीत बसतात. त्यामुळे ताप असलेल्या, कृत्रिम झडपेच्या रुग्णात मोठी धमनी बंद पडली आणि कल्चर स्टराईल आलं, तर बुरशीचा विचार पहिल्या तासात व्हायला हवा. दुसरं कारण कागदोपत्रीच आहे. एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा आणि झडपांचा संसर्ग, ठरवण्यासाठी ड्यूक निकष वापरतात. त्यांच्या २०२३ च्या सुधारित आवृत्तीत, एंडोकार्डायटिसची लक्षणं असलेल्या रुग्णाच्या धमनीतल्या एम्बोलसमध्ये (वाहत येऊन अडकलेल्या गुठळीत) जंतू सापडले तर तो पॅथॉलॉजिकल पुरावा धरतात आणि निदान 'निश्चित' होतं. झडप बाहेर येईपर्यंत थांबावं लागत नाही.

सर्जनची ऑपरेशन नोटही वाचा. एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे झालेली) ताजी गुठळी गडद लाल, जेलीसारखी असते. बुरशीचा तुकडा बऱ्याचदा पांढुरका-राखाडी, भुसभुशीत, चिमट्यात धरला की तुटणारा असतो. एवढ्यावर निदान होत नाही, पण नोटमध्ये 'ग्रेइश, फ्रायेबल' असे शब्द दिसले तर पॅथॉलॉजीला फोन करायला तेवढं कारण पुरे. त्याच वेळी गेल्या दोन महिन्यांचे आयएनआर (रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा असर दाखवणारे आकडे) बघा. मायट्रल जागेवर धातूची झडप आणि आयएनआर सतत दीडच्या खाली असेल, तर साधी झडपेवरची गुठळीही हेच चित्र उभं करू शकते. पाच आठवड्यांचा ताप मात्र तिने सहजासहजी समजत नाही.

गुठळी अजून फॉर्मॅलिनमध्ये गेली नसेल तर तिचे तीन भाग करा. सगळ्यात मोठा भाग निर्जंतुक डबीत, एक-दोन मिली निर्जंतुक नॉर्मल सलाईन घालून मायक्रोबायोलॉजीला. सलाईन फक्त वाळू नये म्हणून, तुकडा तरंगेल इतकं नको. गॉजमध्ये गुंडाळू नका, तुकडे धाग्यांत अडकून निम्मा नमुना तिथेच राहतो. दोन तासांत पोहोचवा. उशीर होणारच असेल तर खोलीच्या तापमानाला राहू दे, कारण म्युकरच्या जातीच्या बुरशीला फ्रीज मानवत नाही. दुसरा भाग फॉर्मॅलिनमध्ये, हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (टिश्यूचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी). तिसरा हरभऱ्याएवढा तुकडा कोरड्या निर्जंतुक ट्यूबमध्ये, पीसीआरसाठी, उणे २० किंवा उणे ८० अंशांवर. सगळीच फॉर्मॅलिनमध्ये गेली असेल तर कल्चर गेलं, पण निदान गेलेलं नाही. पॅराफिन ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या टिश्यूवर) बुरशीचे खास स्टेन होतात, आणि त्याच ब्लॉकमधून पीसीआरही करता येतो. फॉर्मॅलिन डीएनएचे तुकडे पाडतं म्हणून त्याचं यश कमी, एवढंच.

फॉर्मवर नुसतं 'क्लॉट फॉर सी/एस' लिहाल तर लॅब ब्लड अगरवर लावून ४८ तासांनी 'नो ग्रोथ' कळवेल, आणि त्यात त्यांची चूक नसेल. असं लिहा: 'कृत्रिम झडप, बुरशीजन्य एंडोकार्डायटिसचा संशय, केओएच आणि कॅल्कोफ्लोर आज, फंगल कल्चर चार आठवडे, टिश्यू कुटू नये.' हा शेवटचा मुद्दा मॉर्टरमध्ये टिश्यू कुटायच्या सवयीसाठी आहे. म्युकरचे तंतू जवळपास बिनपडद्याचे (आत आडव्या भिंती नसलेले) असतात. कुटले की फुटतात आणि मरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली बुरशी प्लेटवर उगवत नाही. ब्लेडने बारीक तुकडे करून ते अगरमध्ये थोडे रुतवावेत. प्लेट सॅब्युरो डेक्स्ट्रोज अगरची, क्लोरॅम्फेनिकॉल किंवा जेंटामायसिन घातलेली, पण सायक्लोहेक्झिमाइड नसलेली हवी. त्वचा-नखांच्या नमुन्यांसाठी ठेवलेल्या प्लेटमध्ये ते असतं आणि नेमकं ॲस्परजिलस, म्युकर आणि काही कॅन्डिडांनाच दाबून टाकतं. एक संच २५ ते ३० अंशांवर, एक ३७ वर.

सूक्ष्मदर्शकाखालचं उत्तर तासाभरात मिळतं. आजचं औषध ठरवायला ते पुरेसं असतं, म्हणून कल्चरच्या आधी त्याच्या मागे लागा. १० ते २० टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) टिश्यू विरघळते आणि बुरशीची भिंत उरते. कॅल्कोफ्लोर घातलं तर ती भिंत फ्लुरोसन्समध्ये निळसर-पांढरी चमकते. तीन ते पाच मायक्रॉनच्या, कळ्या फुटलेल्या गोल पेशी आणि मधेमधे आवळलेल्या, सॉसेजच्या माळेसारख्या खोट्या तंतूंच्या साखळ्या दिसल्या तर कॅन्डिडा. तीन ते सहा मायक्रॉन रुंद, समांतर कडांचे, पडदे असलेले आणि साधारण ४५ अंशांत फाटे फुटणारे तंतू ॲस्परजिलसकडे बोट दाखवतात. पण फ्युजेरियम आणि सेडोस्पोरियमही हुबेहूब तसेच दिसतात. म्हणून चांगला रिपोर्ट 'पडदे असलेले रंगहीन तंतू' एवढंच म्हणतो, नाव कल्चर किंवा सिक्वेन्सिंगवर सोडतो. या तिघांवर औषधांचा असर सारखा नसल्यामुळे हा काटेकोरपणा लागतोच. रुंद, चपट्या फितीसारखे, दुमडलेले, काटकोनाकडे झुकत फाटे फुटणारे तंतू दिसले तर म्युकर. त्याच्यावर व्होरिकोनाझोल आणि एकायनोकँडिन ही बुरशीची दोन्ही औषधं निकामी, त्यामुळे त्याच संध्याकाळी ॲम्फोटेरिसिन लागतं.

हिस्टोपॅथॉलॉजीकडे पीएएस आणि जीएमएस हे दोन स्टेन नाव घेऊन मागा. नुसत्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनमध्ये फायब्रिनच्या जाळ्यात फिकट तंतू सहज हरवतात आणि 'ऑर्गनायझिंग थ्रॉम्बस' असा रिपोर्ट येतो. तसा आला तर तो अंतिम धरू नका. पॅथॉलॉजिस्टला ताप, झडप आणि संशय सांगा, ब्लॉक आणखी खोल कापून जीएमएस करायला सांगा. स्लाईडचा एखादा कोपराच बुरशीने भरलेला आणि बाकी सगळा फायब्रिन, असं पुष्कळदा असतं.

आता तीन स्टराईल ब्लड कल्चरबद्दल. त्यांचा अर्थ लावण्याआधी एका बाटलीत किती मिली रक्त गेलं होतं ते विचारा. प्रौढ माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, एका सेटमध्ये दोन बाटल्या, वेगवेगळ्या शिरांतून तीन सेट, म्हणजे एकूण ६० मिलीच्या आसपास. वॉर्डात होतं असं की सिस्टर ५ मिली काढतात आणि दोन बाटल्यांत वाटतात, वर 'तीन कल्चर निगेटिव्ह' अशी नोंद पडते. रक्तात कॅन्डिडा प्रति मिली फार थोड्या असतात, त्यामुळे रक्त निम्मं केलं की यशही घसरतं. आधीपासून चालू असलेलं फ्लुकोनाझोल हे बुरशीचं औषध हा दुसरा लपलेला खोडा. आयसीयूतून बाहेर पडताना 'कव्हर' म्हणून दिलेलं आणि डिस्चार्ज कार्डावर तसंच राहिलेलं फ्लुकोनाझोल शोधा.

कॅन्डिडासाठी वेगळी बाटली लागतेच असं नाही. ती साध्या एरोबिक बाटलीत, पाच दिवसांच्या नेहमीच्या मुदतीत, बहुतेकदा एक ते तीन दिवसांत वाढते. कॅन्डिडा ग्लाब्राटा ही जात थोडी हळू आणि कधी फक्त अनॅरोबिक (ऑक्सिजन नसलेल्या) बाटलीत, म्हणून ती बाटली वगळू नका. बुरशीसाठीची खास बाटली असेल तर वापरा, नसेल म्हणून खोळंबू नका. याउलट ॲस्परजिलस झडपेवर बोराएवढा बसलेला असला तरी ब्लड कल्चरमध्ये जवळजवळ कधीच येत नाही. कारण तंतू एकमेकांत गुंतलेले, एकट्या पेशी रक्तात सुटत नाहीत. तंतूवाल्या बुरशींपैकी रक्तातून बऱ्यापैकी मिळणारा तो फ्युजेरियम, कारण तो आतच बीजाणूसारख्या पेशी सोडतो. मग गणित असं: पुरेसं रक्त घेऊन, फ्लुकोनाझोलशिवाय घेतलेले तीन सेट स्टराईल आणि वर मोठा एम्बोलस, तर संशयाचा काटा कॅन्डिडाकडून ॲस्परजिलसकडे सरकतो. रक्त अपुरं होतं, तर काटा मधेच थांबतो आणि आज पुन्हा तीन सेट घ्यावे लागतात. हिस्टोप्लाझ्मा ही तिसरी, दुर्मीळ शक्यता. तिच्यासाठी लायसिस-सेंट्रिफ्युगेशन (रक्तपेशी फोडून, यंत्रात फिरवून गाळ कल्चरला लावण्याची पद्धत), सहा आठवड्यांपर्यंतचं कल्चर आणि लघवीतलं अँटिजेन लागतं. संशय असेल तर लॅबला आधी सांगा, कारण प्लेटवर उगवलेली ही बुरशी सेफ्टी कॅबिनेटबाहेर उघडणं धोक्याचं आहे.

नव्या कल्चरमध्ये एका बाटलीत जरी यीस्ट (कॅन्डिडासारखी एकपेशी बुरशी) आलं तरी ते 'कंटॅमिनंट' म्हणून सोडायचं नाही. कॅन्डिडाच्या बाबतीत तो शब्दच बाद. रोज किंवा दिवसाआड कल्चर घेत राहा, स्टराईल होईपर्यंत. लाईन काढूनही आणि योग्य डोस चालू असूनही ते वाढतच राहिलं तर उगम हृदयात किंवा एखाद्या शिरेतल्या संसर्ग झालेल्या गुठळीत आहे. ड्यूकच्या हिशेबात इथे एक बारकावा आहे. मूळच्या झडपेवर कॅन्डिडा 'नेहमीच्या' जंतूंत मोजत नाहीत, म्हणून मुख्य निकषासाठी तीन किंवा अधिक सेट लागतात. हृदयात कृत्रिम सामान असेल तर २०२३ पासून तो नेहमीच्या जंतूंत धरला जातो आणि दोन सेट पुरतात. तुमच्या रुग्णाला हे लागू आहे.

यीस्ट आलं की जातीपर्यंत जा. भारतातल्या मोठ्या आयसीयूंमध्ये कॅन्डिडा ऑरिस आता नवी राहिलेली नाही. जुन्या डेटाबेसची स्वयंचलित यंत्रं तिला कॅन्डिडा हेम्युलोनाय म्हणून कळवायची. तसा रिपोर्ट आला तर मॅल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जंतू ओळखणारं यंत्र) किंवा सिक्वेन्सिंगने खात्री करा. बहुतेक ऑरिसवर फ्लुकोनाझोल चालत नाही, म्हणून एमआयसी (बुरशीची वाढ रोखायला लागणारी औषधाची किमान मात्रा) हवीच. आणि तो आयसोलेट (कल्चरमधून वेगळी केलेली बुरशी) टाकू नका, दोन महिन्यांनी कल्चर पुन्हा वाढलं तर तुलनेला लागतो.

बीटा-डी-ग्लुकन आणि गॅलॅक्टोमॅनन या रक्तातले बुरशीच्या भिंतीचे घटक मोजणाऱ्या चाचण्या मदतनीस आहेत, निर्णय देणाऱ्या नाहीत. ग्लुकनच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या किटमध्ये ८० पिकोग्रॅम प्रति मिली आणि वर पॉझिटिव्ह, ६० च्या खाली निगेटिव्ह, मधलं अधांतरी. पण ऑपरेशनमधल्या गॉजमधून ग्लुकन रक्तात उतरतं आणि काही दिवस आकडा फुगलेला राहतो. काल एम्बोलेक्टमी (गुठळी काढण्याचं ऑपरेशन) झाली, म्हणजे आजचा नमुना संशयास्पद. बायोकेमिस्ट्रीत परवाचं सीरम अजून रॅकमध्ये असेल तर तेच मागून घ्या. नाहीतर आज एक आणि आठवड्याने एक करून दिशा बघा. अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, सेल्युलोजच्या फिल्टरवरचं डायलिसिस यांनीही आकडा खोटा वाढतो. म्युकर आणि क्रिप्टोकॉकसमध्ये ही चाचणी निगेटिव्हच असते. गॅलॅक्टोमॅननला सीरममध्ये ०.५ चा इंडेक्स धरतात. तो ॲस्परजिलससाठी, पण हिस्टोप्लाझ्मातही वाढतो, आणि व्होरिकोनाझोल सुरू झाल्यावर खोटा उतरतो. म्हणून पहिला डोस जाण्याआधीच रक्त काढा. दोन्ही निगेटिव्ह आल्या म्हणून बुरशी नाही असं या रुग्णात म्हणता येणार नाही, संशय त्यापेक्षा खूप जड आहे. प्रोकॅल्सिटोनिन कमी असणं हाही दिलासा नाही, कॅन्डिडात ते बरेचदा कमीच असतं.

इको अन्ननलिकेतूनच हवा. धातूच्या मायट्रल झडपेची सावली छातीवरून बघताना नेमकी डाव्या एट्रियमवर पडते. मागून बघितलं की एट्रियमची बाजू मोकळी दिसते, व्हेंट्रिकलची बाजू सावलीत जाते. म्हणजे दोन्ही इको एकमेकांची भर घालतात, एकाने दुसरा रद्द होत नाही. करणाऱ्याला सांगा: शिवणीच्या कडीभोवती गळती किंवा पोकळी, झडपेच्या पाकळीची अडखळलेली हालचाल, आणि एट्रियमच्या भिंतीवर चिकटलेला गोळा. ॲस्परजिलस कधी झडप सोडून भिंतीवरच वाढतो. एक सेंटिमीटरहून मोठं, डोलणारं व्हेजिटेशन दिसलं तर प्रश्न मिटला. काहीच दिसलं नाही तर लक्षात ठेवा की व्हेजिटेशनचा मोठा तुकडा काल पायात जाऊन बसला आणि बाहेरही निघाला. आज झडप स्वच्छ दिसू शकते. पाच ते सात दिवसांनी पुन्हा करा.

झडप बसवून तीन महिने उलटले आहेत, त्यामुळे पेट-सीटीमध्ये झडपेभोवती एफडीजी (किरणोत्सारी साखर) गोळा झालेलं दिसलं तर तो मुख्य निकष ठरतो. तीन महिन्यांच्या आत असता तर गौण. पण हृदयाचा स्नायू साखर खातो, आणि तयारी फसली की सगळं हृदयच उजळतं, झडप ओळखू येत नाही. आदल्या दिवशीच्या दोन्ही जेवणांत पोळी, भात, डाळ, फळं, दूध, साखर काही नाही. अंडी, पनीर, चिकन, तूप चालतं. नंतर किमान १२ तास उपाशी. नातेवाइकांना हे लिहून द्या आणि 'बिनसाखरेचा चहा दुधाशिवाय' हेही लिहा, कारण तयारी बहुधा चहावरच मोडते. डेक्स्ट्रोजची सलाईन चालू नाही ना, हे वॉर्डात तपासा.

बाकी शोध भराभर करण्याचा. बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांचा पडदा. कॅन्डिडाचे कापसासारखे पांढरे ठिपके दृष्टीची तक्रार नसतानाही सापडतात. मेंदूची प्रतिमा, शक्यतो रक्तवाहिन्यांसकट, झडपेचं ऑपरेशन आणि हेपारिन ठरवण्याआधीच. पोटाचा सीटी, प्लीहा आणि किडनीतल्या इन्फार्क्टसाठी (रक्त न पोहोचून मेलेल्या भागांसाठी). आणि बुरशीच्या नादात बॅक्टेरिया विसरू नका. कल्चर-निगेटिव्ह एंडोकार्डायटिसचं आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कल्चरआधी दिलेलं अँटिबायोटिक. घरी गाई-म्हशी-शेळ्या असतील, निरसं दूध पिण्यात येत असेल, तर ब्रुसेला आणि कॉक्सिएलाची सिरॉलॉजी (रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी) पाठवाच. मांजर किंवा उवा यांचा संबंध असेल तर बार्टोनेला.

नमुने हातातून गेले की औषध थांबवून ठेवू नका, आणि कार्डिओथोरॅसिक सर्जनला आजच बोलवा. निम्म्याहून अधिक रुग्ण दगावणाऱ्या आजारात औषध एकटं क्वचितच पुरतं. यीस्ट दिसलं तर लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन ३ ते ५ मिलीग्रॅम प्रति किलो, जोडीला मिळालं तर फ्लुसायटोसिन. किंवा वाढीव डोसचं एकायनोकँडिन, उदाहरणार्थ मायकाफंजिन रोज १५० मिलीग्रॅम. पडदे असलेले तंतू दिसले तर व्होरिकोनाझोल, पहिले दोन डोस ६ मिलीग्रॅम प्रति किलो, मग ४, बारा तासांनी, आणि पाचव्या दिवसाच्या आसपास रक्तातली पातळी.

झडप बाहेर आली की तिचीही वाटणी गुठळीसारखीच, फक्त शिवणीची कडी आणि टाक्यांचे धागेही मायक्रोबायोलॉजीला पाठवा. बुरशी कडीच्या कापडात खोल रुतलेली असते. तोवर अँटिफंगलचे काही दिवस झालेले असतील, तर कल्चर स्टराईल आणि जीएमएसमध्ये तंतू असा मेळ न खाणारा रिपोर्ट येऊ शकतो. तिथे हिस्टोपॅथॉलॉजीवर विश्वास ठेवा आणि नाव आयटीएस सिक्वेन्सिंगने (बुरशीच्या डीएनएचा ठरावीक भाग वाचून) काढा. पीसीआर एकटाच पॉझिटिव्ह, स्लाईडवर मात्र काही नाही, तर तो हवेतला बीजाणूही असू शकतो.

व्होरिकोनाझोल किंवा फ्लुकोनाझोल सुरू करताय त्या दिवशी या बाईंचं वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल बघा. बुरशीची ही दोन्ही औषधं रक्त पातळ करणाऱ्या या गोळ्यांचा असर झपाट्याने वाढवतात. आयएनआर पहिला आठवडा रोज करा.